तुरुंगातल्या माणसाचा खर्च कोण करतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातला माणूस आर्थर रोडला, येरवड्याला किंवा कळंब्याला गेला की पहिले काही दिवस घरच्यांना वकील आणि जामीन यांपलीकडे काही सुचत नाही. मग पैशाचे प्रश्न सुरू होतात. आत जेवणाचे पैसे भरायचे असतात का? औषधं कोण देणार? मनीऑर्डर पोहोचली नाही तर उपाशी ठेवतील का? ज्यांचा तुरुंगाशी कधी संबंधच आला नाही, ते वेगळंच विचारतात: आमच्या करातून गुन्हेगारांना का पोसायचं? दोन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणून दोन्हींची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ती मुख्यतः महाराष्ट्राला धरून आहेत, पण मूळ कायदा बराचसा देशभर सारखाच आहे.

तुरुंगाचा खर्च केंद्र सरकार करतं की राज्य सरकार?

राज्य सरकार. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची चौथी नोंद तुरुंगांची आणि त्यांत ठेवलेल्या माणसांची आहे. त्याच्याही आधीपासून, 1894 च्या तुरुंग कायद्याच्या कलम 4 ने आपल्या हद्दीतल्या कैद्यांसाठी जागा पुरवण्याचं काम राज्य सरकारवर टाकलेलं आहे. त्यामुळे येरवडा, तळोजा, नाशिक रोड, हर्सूल, नागपूर किंवा अमरावती, कुठल्याही कारागृहातलं अन्न, कपडे, पाणी, वीज, इमारतीची डागडुजी आणि कर्मचाऱ्यांचे पगार हे सगळं महाराष्ट्राच्या तिजोरीतून जातं. गोव्यात कोलवाळच्या कारागृहाचा भार गोवा सरकारवर असतो.

राज्याच्या अर्थसंकल्पात हा खर्च गृह विभागाकडे, 2056 या मुख्य लेखाशीर्षाखाली दिसतो. तेवढाच आकडा पाहून मात्र हिशेब पुरा होत नाही. कैद्याला कोर्टात नेणारी ‘आरोपी पार्टी’ पोलीस खात्याची असते, तिचा खर्च 2055 खाली जातो. डॉक्टर बऱ्याचदा आरोग्य खात्याकडून आलेले असतात. बांधकाम आणखी तिसरीकडे. ‘एका कैद्यावर सरकार इतके रुपये खर्च करतं’ अशी बातमी वाचलीत तर त्या आकड्यात काय धरलंय आणि काय सोडलंय, हे आधी पाहा.

केंद्र अधूनमधून मदत करतं. 2002-03 मध्ये सुरू झालेल्या तुरुंग आधुनिकीकरण योजनेत केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्यांचा 25 टक्के होता. 2021 ते 2026 या काळासाठी नवा प्रकल्प आला, त्याला 950 कोटी रुपये ठेवले आणि भर सुरक्षेच्या साधनांवर दिला. रोजचं वरण-भात मात्र राज्याच्याच पैशातून शिजतं.

सीबीआय, एनआयए किंवा ईडीने पकडलेल्या माणसाचा खर्चही महाराष्ट्रानेच करायचा?

आत राहण्या-खाण्याचा खर्च, हो. केंद्रीय यंत्रणांचे स्वतःचे तुरुंग नाहीत. न्यायालयीन कोठडी मिळाली की आरोपी राज्याच्या कारागृहात जातो आणि तिथला इतर कैद्यांसारखाच एक होतो.

यावरून वाद झालेले आहेत, आणि सर्वांत गाजलेला वाद मुंबईचाच. अजमल कसाबला आर्थर रोडला ठेवलं तेव्हा त्याच्या पहाऱ्यासाठी केंद्राच्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान आणले होते. त्या दलाने राज्याला कोट्यवधी रुपयांचं बिल पाठवलं. हल्ला देशावर झाला होता, मग बिल एकट्या राज्याच्या माथी का, असं राज्य सरकारचं म्हणणं होतं. मला ते म्हणणं रास्त वाटतं.

कसाबला बिर्याणी खायला घातली, ती आपल्याच पैशातून ना?

नाही. ही गोष्ट अजूनही लोकांच्या डोक्यात घट्ट बसली आहे, म्हणून स्पष्ट सांगायला हवं. कसाबने मटण बिर्याणी मागितल्याचं आपणच रचून सांगितलं होतं, हे सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी 2015 मध्ये जयपूरला जाहीरपणे कबूल केलं. कसाबवर झालेल्या खर्चात जेवणाचा वाटा नगण्य होता. पैसा गेला तो सुरक्षेवर.

बहुतेक तुरुंगांत असंच असतं. एकूण खर्च काढला की कैद्याच्या ताटापेक्षा पगार आणि पहाऱ्याचा भाग फार मोठा निघतो. कैद्यावर थेट होणारा खर्च वेगळा काढला तर त्यात मात्र अन्नाचा वाटा सर्वांत मोठा असतो.

पण मुळात करदात्याने हा भार का उचलायचा? ज्याने गुन्हा केला त्यानेच भरू दे की!

हा राग समजण्यासारखा आहे. ज्यांच्या घरात चोरी झाली, ज्यांचा माणूस मारला गेला, त्यांच्या तोंडून तो आला तर वाद घालायची माझी हिंमत होणार नाही. पण रागापुढे जाऊन काही गोष्टी पाहाव्या लागतात.

तुरुंगात असलेले बहुतेक लोक दोषी ठरलेलेच नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या कारागृहांत 5,73,220 माणसं होती. त्यांतले 4,34,302, म्हणजे जवळपास 76 टक्के, कच्चे कैदी होते. त्यांचा खटला अजून चालू होता, काहींचा तर सुरूही झाला नव्हता. यांतले किती तरी पुढे निर्दोष सुटतात. ज्याला कोर्ट उद्या ‘याने काही केलेलं नाही’ म्हणणार आहे, त्याच्याकडून आज राहण्या-खाण्याचं भाडं कुठल्या तोंडाने मागायचं?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माणसाला कोंडून ठेवण्याचा अधिकार समाजाने फक्त सरकारला दिला आहे. कोंडलेल्या माणसाला कामावर जाता येत नाही, दुकानात जाता येत नाही, आजारी पडला तर दवाखान्याची पायरी चढता येत नाही. त्याचे सगळे रस्ते सरकारने बंद केले, म्हणजे त्याला जिवंत आणि धड ठेवण्याची जबाबदारीही सरकारवर आली. कोर्टाची शिक्षा स्वातंत्र्य काढून घेण्याची असते, भूक आणि आजार त्या शिक्षेत येत नाहीत. घटनेच्या अनुच्छेद 21 चं संरक्षण तुरुंगाच्या फाटकापाशी संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा खटल्यापासून पुनःपुन्हा सांगितलं आहे.

आणि सरकारला ह्याची झळ बसायलाच हवी. कोंडून ठेवणं फुकट झालं तर कोणालाही, कितीही काळ आत ठेवताना कुणाचा हात अडखळणार नाही.

घरच्यांना जेवणाचे पैसे भरावे लागतात का?

नाही, एक रुपयाही नाही. सकाळचा चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण सरकारी खर्चाने भिसीत, म्हणजे तुरुंगाच्या स्वयंपाकघरात शिजतं. माणशी किती धान्य, किती डाळ, किती भाजी द्यायची, हे नियमांत ठरवून दिलेलं आहे. ‘जेवणाचे इतके द्या, नाहीतर हाल होतील’ असा निरोप कुणी आणला तर ती लाचेची मागणी आहे.

मनीऑर्डर ही वेगळी बाब. घरून आलेले पैसे कैद्याच्या नावावरच्या खात्यात जमा होतात. त्यातून तो कँटीनमधून साबण, तेल, बिस्किटं, फरसाण घेऊ शकतो, फोनचे पैसेही त्यातूनच जातात. महिन्याला किती पैसे पाठवता येतील याची मर्यादा असते आणि ती वेळोवेळी बदलते, म्हणून मुलाखतीला, म्हणजे कैद्याला भेटायला, जाल तेव्हा तिथेच विचारून घ्या. पैसे पाठवायला जमत नसेल तर मन खाऊ देऊ नका. तुमच्या माणसाला कँटीनचे लाड मिळणार नाहीत, पण ताट थांबणार नाही. दुसऱ्याच्या पुढ्यात फरसाण असताना आपण कोरड्या चपातीकडे बघत बसणं किती बोचतं, हे मात्र आतून आलेल्या कुणालाही विचारा.

घरचा डबा देता येतो का?

कच्च्या कैद्याला काही प्रमाणात. तुरुंग कायद्याच्या कलम 31 प्रमाणे दिवाणी कैदी (गुन्ह्यासाठी नव्हे, तर पैशाच्या दाव्यासारख्या कारणाने आत टाकलेला) आणि शिक्षा न झालेला फौजदारी कैदी यांना स्वतःच्या खर्चाने अन्न, कपडे, अंथरूण बाहेरून घेता येतं, तपासणी आणि नियमांच्या अधीन राहून. व्यवहारात घरच्या डब्यासाठी बहुतेक वेळा कोर्टाची परवानगी काढावी लागते आणि वैद्यकीय कारण असेल तर ती लवकर मिळते. शिक्षा लागली की ही सवलत जाते. असं बाहेरून आलेलं काही एका कैद्याने दुसऱ्याला परस्पर द्यायचं नाही, अशी अटही कलम 32 मध्ये आहे.

कपडे आणि अंथरूण?

पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्याला दोन्ही सरकार देतं. कच्चा कैदी स्वतःचे कपडे वापरतो, पण ज्याच्याकडे पुरेसे कपडे किंवा अंथरूण नाही त्याला ते अधीक्षकांनी पुरवायचे असतात. महिलांना सॅनिटरी पॅड मिळणं हे त्याच गरजेच्या वस्तूंत येतं. मागायला लाज वाटते म्हणून अनेक जणी गप्प राहतात. घरच्या बाईमाणसाने मुलाखतीत हे आवर्जून विचारावं.

आजारी पडला तर उपचाराचा खर्च कोणाचा?

सरकारचा. आधी कारागृहातला दवाखाना, तिथे जमलं नाही तर सरकारी रुग्णालय: मुंबईत जे. जे., पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल. तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, नेण्या-आणण्याचा बंदोबस्त, कशाचंही बिल कुटुंबाला लागत नाही.

अडचण खासगी रुग्णालयाची आहे. तिथला खर्च कोणी करायचा याचा सरळ नियम नाही, कोर्ट त्या त्या वेळी ठरवतं. मुंबई उच्च न्यायालयातलीच दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. दोघेही तळोज्यातले कच्चे कैदी, दोघेही ऐंशीच्या घरातले. नोव्हेंबर 2020 मध्ये कवी वरवरा राव यांना नानावटी रुग्णालयात हलवताना न्यायालयाने खर्च राज्याने करावा असं सांगितलं. मे 2021 मध्ये फादर स्टॅन स्वामी यांना होली फॅमिली रुग्णालयात नेण्याची परवानगी मिळाली ती स्वखर्चाने. 5 जुलै 2021 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं.

स्टॅन स्वामींच्या मागे खर्च उचलणारी माणसं होती. बीडच्या किंवा गडचिरोलीच्या एखाद्या मजुराच्या मागे कोण असतं? सरकारी यंत्रणेत उपचार होऊ शकत नाही म्हणूनच जर माणसाला बाहेर न्यावं लागत असेल, तर ते बिल सरकारचंच असायला हवं. अशा अर्जात वकिलाने खर्चाचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडावा, तो आपोआप कुणी मांडत नाही.

कोर्टाच्या तारखेला नेण्याचे पैसे लागतात का?

नाही. तारखेला हजर करणं हे सरकारचंच काम आहे. पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून तारीख हुकली तरी त्याचा दोष कैद्याकडे जात नाही. हल्ली बऱ्याच तारखा व्हिडिओवर होतात.

मग पॅरोलवर सोडताना पोलीस बंदोबस्ताचे पैसे का मागतात?

इथे येऊन ‘खर्च सरकारचा’ हे तत्त्व गळायला लागतं.

घरात मृत्यू झाला, जवळचं लग्न आहे किंवा कुणी अंथरुणाला खिळलं आहे, अशा वेळी कैद्याला पोलीस बंदोबस्तात काही तास किंवा काही दिवस घरी जाऊ देतात. ही त्याला दिलेली सवलत आहे, सबब पोलिसांचे पगार, भत्ते आणि गाडीचा खर्च त्याने भरावा, अशी अट घातली जाते. चार-पाच पोलीस, दोन दिवस आणि लांबचा प्रवास असं गणित मांडलं की आकडा मजुरी करणाऱ्या घराच्या आवाक्याबाहेर जातो. परवानगीचा कागद हातात असतो आणि बापाच्या अंत्यविधीला मात्र जाता येत नाही. ही अट जाचक वाटली तर ती कमी किंवा माफ करण्याची विनंती उच्च न्यायालयाकडे करता येते. गरिबीचा पुरावा जोडा: रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला.

सवलत घेणाऱ्यानेच खर्च भरावा, या विचाराचं मोठं उदाहरण नवी मुंबईत घडलं. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गौतम नवलखा यांना सर्वोच्च न्यायालयाने 10 नोव्हेंबर 2022 रोजी तळोजा कारागृहाऐवजी घरात नजरकैदेत ठेवण्याची परवानगी दिली आणि पहाऱ्याच्या खर्चापोटी आधी 2 लाख 40 हजार रुपये भरायला सांगितलं. पुढे एनआयएने खर्चाचा आकडा 1 कोटी 64 लाखांपर्यंत नेला, नवलखांनी त्याला हरकत घेतली. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जामिनावरची स्थगिती उठवली, तेव्हा 20 लाख रुपये भरण्याची अट घातली. नजरकैद तुम्हीच मागितली होती, तर तिचा खर्चही तुमचा, असा त्यामागचा विचार.

मला हा विचार पटत नाही. नजरकैद हीसुद्धा कोठडीच आहे. पहारा ठेवायचा की नाही, किती ठेवायचा, हे आरोपी ठरवत नाही, यंत्रणा ठरवते. ज्याच्या हातात खर्च कमी-जास्त करणं नाही, त्याच्या हातात बिल देणं बरोबर नाही. शिवाय ही सोय एकदा पैशावर मिळायला लागली की ती पैसेवाल्यांपुरतीच उरते. खासदार अब्दुल रशीद शेख यांना 2025 मध्ये कोठडीतूनच संसदेत हजर राहू दिलं, तेव्हाही प्रवास आणि बंदोबस्ताच्या खर्चाची अट घातली होती आणि तो वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला.

एखाद्या कैद्याचा खर्च खासगी माणसाने करायचा, असं कायद्यात कुठे आहे का?

आहे, आणि बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. पैशाच्या दाव्यात हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा आदेश, झाला, समोरचा पैसे देत नाही, म्हणून त्याला दिवाणी तुरुंगात टाकायचं असेल तर त्याच्या जेवणाखाण्याचा निर्वाहभत्ता धनकोने, म्हणजे पैसे येणं असलेल्याने, कोर्टात भरायचा असतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 39 मध्ये ही तरतूद आहे. अटकेपासून कोर्टापुढे आणेपर्यंतची रक्कम आधी, आणि पुढे दर महिन्याचा भत्ता महिना सुरू होण्याआधी. भरणं थांबलं की कलम 58 प्रमाणे ऋणकोला, म्हणजे पैसे देणं असलेल्याला, सोडून देतात. सरकारने त्याला कपडे-अंथरूण पुरवलं असेल तर तुरुंग कायद्याच्या कलम 33 प्रमाणे तेही पैसे धनकोकडून मागतात आणि लेखी मागणीनंतर 48 तासांत ते द्यायचे असतात.

हा खर्च दाव्याच्या खर्चात धरला जातो, पण तेवढ्या रकमेसाठी ऋणकोला पुन्हा अटक करता येत नाही. हुकूमनाम्याची रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर जास्तीत जास्त तीन महिने कैद, दोन ते पाच हजारांच्या दरम्यान असेल तर सहा आठवडे, त्याखाली असेल तर कैदच नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी कोणत्याही स्त्रीला अटक करता येत नाही. आणि केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता येत नसलेल्याला तुरुंगात टाकणं चुकीचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगून ठेवलं आहे.

मागच्या शतकातल्या कायदेकर्त्यांना एक गोष्ट कळली होती: कोंडायला लावणाऱ्याच्या खिशाला हात लागला की तो दोनदा विचार करतो.

कैद्यांकडून काम करून घेऊन खर्च वसूल का करत नाहीत?

काही प्रमाणात करतातच, पण त्याला मर्यादा आहेत. कच्च्या कैद्याला कामाची सक्ती करता येत नाही, साध्या कैदेच्या शिक्षेतही नाही. म्हणजे तीन चतुर्थांश लोक आधीच बाजूला झाले. उरतात सक्तमजुरीवाले.

त्यांच्या मजुरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 1998 चा गुजरात राज्याच्या प्रकरणातला निकाल महत्त्वाचा आहे. सक्तमजुरी म्हणजे फुकट राबवणं नव्हे, कामाची न्याय्य मजुरी द्यायलाच हवी, असं न्यायालयाने सांगितलं. ती ठरवताना जेवण-कपड्यांचा खर्च विचारात घेता येईल, आणि मजुरीतला काही भाग गुन्ह्याचा फटका बसलेल्यांना देण्यासाठी राज्यांनी कायदा करावा, असंही सुचवलं.

महाराष्ट्रात 2023 च्या वाढीनंतर कुशल कामाला दिवसाला 74 रुपये, अर्धकुशलला 67, अकुशलला 53 आणि खुल्या वसाहतीत 94 रुपये असे दर झाले. अकुशल कैद्याने महिन्यात 26 दिवस काम केलं तर हातात येतात 1,378 रुपये. यातून आणखी काय वसूल करणार? याच पैशातून तो घरी मनीऑर्डर करतो, मुलांच्या वह्या घेतल्या जातात. येरवड्यात 2022 मध्ये राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. कैद्याच्या मजुरीच्या भरवशावर 50 हजारांपर्यंत, 7 टक्के व्याजाने. घरचं आजारपण किंवा वकिलाची फी यासाठी आतला माणूस कर्ज काढून बाहेरचं घर सावरतो, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

अमेरिकेत कैद्यांकडून राहण्याचे पैसे घेतात म्हणे?

अनेक राज्यांत आणि परगण्यांत घेतात, दर दिवसाच्या भाड्यासारखे. माणूस सुटून आला की डोक्यावर कर्ज असतं, आणि तुरुंगातून आलेल्याला काम मिळणं तर आधीच कठीण. इलिनॉय राज्य माजी कैद्यांवर वसुलीचे दावे लावत असे, ते 2019 मध्ये कायदा बदलून बंद केलं. आपल्याकडे ही कल्पना अधूनमधून कुणीतरी मांडतं. ती इथे येऊ नये.

वकील करायला पैसे नाहीत.

कोठडीत असलेल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12. याची पायाभरणी महाराष्ट्रातल्याच खटल्यांनी केली. 1978 च्या हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला निकालाची प्रत मोफत द्यावी आणि अपिलासाठी वकील द्यावा, असं सांगितलं. 1983 मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या बायकांची स्थिती न्यायालयाला पत्राने कळवली, त्यातून महिलांच्या कोठडीबद्दल आणि कायदेशीर मदतीबद्दल आदेश आले. अर्ज कारागृहातूनच करता येतो, नाहीतर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं.

आईबरोबर लहान मूल आत असेल तर?

सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. 2006 च्या आर. डी. उपाध्याय निकालाप्रमाणे त्याचं अन्न, कपडे, लस, उपचार, पाळणाघर, शिक्षण सगळं राज्याकडे. ते मूल कैदी नाही आणि त्याला कैद्यासारखं वागवायचं नाही.

जामीन मंजूर झाला, पण रक्कम भरायला पैसे नाहीत म्हणून माणूस आतच आहे.

ही गोष्ट ऐकली की जीव तुटतो, आणि ती रोज ऐकू येते. काही हजारांसाठी माणूस महिनोन्‌महिने आत राहतो आणि त्याला ठेवण्यावर सरकार त्याहून जास्त खर्च करतं.

केंद्राने 2023 मध्ये गरीब कैद्यांसाठी साहाय्य योजना आणली. त्या वेळच्या सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत आणि शिक्षा भोगून फक्त दंड न भरल्यामुळे अडकलेल्यासाठी 25 हजारांपर्यंत मदत जिल्हा समिती मंजूर करू शकत होती. जामिनाचा आदेश होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृहानेच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. मनी लाँडरिंग, अमली पदार्थ, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), भ्रष्टाचार अशा प्रकरणांना ही योजना लागू नाही. कागदावर चांगली असलेली ही योजना आपोआप दारी येत नाही. प्राधिकरणात जाऊन अर्ज झाला का ते विचारा, आणि पुन्हा विचारा.

आत मृत्यू झाला तर?

मृत्यू अनैसर्गिक असेल, किंवा यंत्रणेच्या हलगर्जीने झाला असेल, तर भरपाई सरकारकडून मिळते. 1993 च्या नीलाबती बेहरा निकालापासून हे तत्त्व पक्कं आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये यासाठी धोरण मंजूर केलं: कामावर असताना अपघात, वैद्यकीय हलगर्जी, कर्मचाऱ्यांची मारहाण किंवा कैद्यांतली हाणामारी यांतून मृत्यू झाल्यास वारसांना 5 लाख, आत्महत्या असेल तर 1 लाख. गेलेल्या माणसाची ही किंमत नव्हे. पण मागे राहिलेल्यांनी ती मागायला संकोच करू नये. शवविच्छेदन अहवालाची आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीची प्रत लेखी मागा.

निर्दोष सुटल्यावर गेलेल्या वर्षांची भरपाई मिळते का?

ठरलेला कायदा नाही. विधी आयोगाने 2018 मध्ये 277 व्या अहवालात असा कायदा करावा असं सुचवलं होतं. तोवर ज्याला झेपेल त्याने वरच्या कोर्टात झगडायचं. हेरगिरीच्या खोट्या प्रकरणात अडकवलेले शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये 50 लाख देवविले, पण असे थोडेच. मुंबईच्या 11 जुलै 2006 च्या लोकल बाँबस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये बारा जणांना निर्दोष ठरवलं. त्या निकालाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. सरकारने इतकी वर्षं त्यांना ठेवण्याचा खर्च केला, हे खरं. त्या वर्षांत त्यांच्या घरांनी काय खर्च केलं, ते कुठल्याही लेखाशीर्षात नाही.

‘निधी नाही’ असं सरकार म्हणू शकतं का?

म्हणतं, पण कोर्टात ते टिकत नाही. 1979 च्या हुसेनारा खातून प्रकरणात बिहारचे असे कच्चे कैदी समोर आले, ज्यांनी त्यांच्यावरच्या आरोपाला असलेल्या जास्तीत जास्त शिक्षेपेक्षाही अधिक काळ आत काढला होता. पैसा किंवा यंत्रणा नाही या सबबीवर सरकारला घटनात्मक कर्तव्य टाळता येणार नाही, असं तेव्हा न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने बजावलं.

तरीही प्रत्यक्ष काय दिसतं? येरवड्याची अधिकृत क्षमता 2,449 आणि गेल्या काही वर्षांत आत सहा हजारांच्या वर माणसं. आर्थर रोडला अनेक वर्षं 804 च्या क्षमतेत तीन हजारांच्या आसपास. अशा वेळी नियमातली माणशी जागा, माणशी संडास, माणशी पाणी यांना काही अर्थ उरत नाही. सरकार खर्चातून सुटतं ते असं: पैसे मागून नव्हे, तर एका माणसाच्या जागेत तिघांना झोपवून.

मग खर्च कमी कसा होईल?

ज्यांना आत ठेवण्याची गरज नाही त्यांना सोडून. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, आणि इतरांनी निम्मा, की जामिनाचा हक्क तयार होतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही आणि एकापेक्षा जास्त खटले चालू असतील तरीही अडतं. कोर्टाला लेखी कळवण्याचं काम अधीक्षकांवर आहे. 1 जुलै 2024 च्या आधीच्या खटल्यांनाही ही सवलत लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं. अटकेची तारीख आणि कलमं कागदावर लिहून काढा आणि स्वतः हिशेब करा.

खुली कारागृहं हा दुसरा रस्ता. पैठण, विसापूर, मोर्शी इथे कैदी शेती करतात. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ औंध संस्थानाच्या काळापासूनची स्वतंत्रपूर वसाहत आहे, तिथे कैदी कुटुंबासह राहतो. पहारा कमी, म्हणून खर्चही कमी, आणि माणूस माणसांत राहतो.

आमच्या माणसाच्या कारागृहावर नेमका किती खर्च होतो, हे कळेल का?

कळेल. माहिती अधिकारात त्या कारागृहाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नको. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर ठेवावा लागतो, म्हणून मोघम विचारू नका. अमुक आर्थिक वर्षात अन्नधान्यावर, औषधांवर आणि कपडे-अंथरुणावर किती रक्कम मंजूर झाली, किती खर्च झाली आणि त्या वर्षी सरासरी किती कैदी होते, एवढंच विचारा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, मग राज्य माहिती आयोगाकडे. जेवण किंवा औषधाबद्दलची तक्रार मात्र माहिती अधिकारात घालू नका, त्यात महिना जातो. ती लेखी स्वरूपात अधीक्षकांना द्या, पोच घ्या, आणि त्याच दिवशी एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना पाठवा.